शिवडी, पहाटे पावणेपाच

तुस्कानो सेडानच्या स्टिअरिंगवर, मी मागे,
हातात आप्पांचं स्टॉपवॉच.
शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची पोरं मोजून मोजून
त्याचं बटण गुळगुळीत झालंय.

गोदीमागचा सरळ रस्ता, बंद गोदामं,
खाडीच्या चिखलाचा वास.
तुस्कानोने पाय दाबला
आणि काहीच झालं नाही असं वाटलं.
एसीची झुळूक तशीच,
फक्त बाटलीतलं पाणी मागं कललं
आणि तिरकंच राहिलं.
शंभर. पाच पॉइंट सहा.

मग मोंडकरांची एसयूव्ही. लाल, उंच,
जागच्या जागी फुरफुरणारी.
ती सुटली तेव्हा माझं पोट
वजनकाट्यापाशीच राहिलं.
कुत्री उठली, कुठलासा पत्रा थरथरला,
मोंडकर ओरडले, मीही ओरडलो.
शंभर. सहा पॉइंट दोन.

"तुझा अंगठा चुकला. पुन्हा."
पुन्हा मोजलं.
सहा पॉइंट दोन.

शेठनी एवढंच विचारलं होतं, पळते कुठली?
तुस्कानो काच पुसत म्हणाला,
"आकडा सांग तू. घेणार ते आवाजच."

आप्पा शर्यत संपली की
पहिल्याची वेळ मोठ्यानं सांगायचे,
बाकीच्यांची वहीत लिहून
काटा लगेच शून्यावर.
शेवटच्या पोरानं वाकून बघितलं
तरी त्याला घड्याळ कोरंच दिसायचं.

मी अंगठा दाबला.
बटण जरा अडलं, मग बसलं.
"किती?" मोंडकरांनी परत विचारलं.
त्यांचा हात बॉनेटवर होता,
थोपटत होते,
आणि चटका बसला तरी
काढत नव्हते.