अठरा नंबरचं पाकीट

पुष्पकला डाखोरेंच्या टिनावर चढलो,
तर छत्री जागच्या जागी, तोंड आग्नेयेला,
बोल्ट घट्ट, वायरीच्या टोकाला गंज नाही.
खाली पडद्यावर सिग्नल शहात्तर, क्वालिटीची पट्टी हिरवी.
"मंग बिघडलं काय?"
"चित्र बराबर येते," त्या म्हणाल्या, "पण टीव्ही खोटं बोलते."

तुरीची सवंगणी अर्धी टाकून
दोन दिवस त्या अडीचला घरी आल्या होत्या.
यादीत तसंच लिहिलेलं: अडीच वाजता कबड्डी.
बहिणीची पोरगी राखीव खेळाडूंत.
लावलं, तर कोणी बाई वांग्याचं भरीत करत होती.
"आनं वांगं धड भाजलंही नाही तिनं."

रिमोट घेतला. भिंतीवर सव्वाचार,
डब्यात पावणेअकरा.
वरून येणारी वेळ आपली नसते.
ती समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शून्यावरून निघते,
आपले तास आपण तिच्यात मिळवायचे.
आपले साडेपाच.
नातवानं बटणं दाबता दाबता ते पुसले होते,
आठचा सामना अडीचला लिहून येत होता.

अमरावतीच्या सात दिवसांच्या वर्गात
सरांनी फळ्यावर पाकिटं काढली होती,
एकेकात एकशे अठ्ठ्याऐंशी खण.
चित्र, आवाज, सगळं चिरून एकात एक कालवलेलं,
आणि मधूनच काही बारकी पाकिटं, कोणाच्या खिजगणतीत नसलेली.
शून्य नंबर: गावात घरं किती.
सतरा: कोणत्या दारावर कोणाची पाटी.
अठरा: कोणाकडे आज काय, किती वाजता.
विसाव्यात फक्त घड्याळ.
थोड्या थोड्या वेळानं तेच. पुन्हा तेच.
रात्री तीनलाही, सगळे डबे बंद असले तरी.

मी विचारलं, "सर, कोणी पाहतच नसंल तं काहून पाठवते?"
सर म्हणाले, हे परीक्षेत येत नाही.

माझ्या बापाले विचारायचं होतं.
कवडू मेश्राम, कोतवाल, मौजा वाढोणा.
रॉकेल आलं, गुरांना लस, ग्रामसभा उद्या दहाला.
चार चौक. त्यातला मागचा ओसाड,
पऱ्हाट्यांचे ढीग आणि एक लंगडं कुत्रं.
तिथंही तो थांबायचा, डफडं वाजवायचा,
वाक्य पुरतं म्हणायचा.
मी लहान, मला लाज वाटायची.
"कोणी आताच दार उघडलं असंल तं?"

सरांनी आणखी एक सांगितलं होतं.
प्रत्येक यादीवर एक बारका आकडा असतो.
तो बदलला नसेल, तर डबा यादी न वाचताच फेकतो.
बदलला, की वाचतो.
एकतीसच्या पुढं पुन्हा शून्य.

बाप आता बाजेवर असतो.
रोज संध्याकाळी विचारतो, "नळ आला का रे?"
मी जोडे काढता काढता म्हणतो, हाव.

साडेपाच मिळवले. घड्याळ उडी मारून चार वीसवर आलं,
यादी सरसर खाली सरकली.
पुष्पकलाबाईंनी पन्नास रुपये दिले,
वर उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कागदात.
"आज आठले लाईन राह्यली पायजे फक्त."
पाना परत घ्यायला टिनावर गेलो,
आणि तिथं, सूर्य छत्रीच्या मागं असताना, लक्षात आलं:
चार-पाच दिवसांपासून बाप
'नळ आला का रे' म्हणतच नव्हता.
"नळावर कोण गेलं रे?" म्हणत होता.
मायले जाऊन सहावं वर्ष लागलं.
आणि मी हाव म्हणत होतो.

गाडी स्टँडवर न लावता निंबाला टेकवली.
"बाबा, काय म्हणत होते तुम्ही?"
त्यानं मान वळवली. शेंगांच्या कागदाकडं पाहिलं.
"कवा?"