एकशे पंधरा अंश

तळोज्याच्या भट्टीत पाइन भरला,
न्हावा-शेवाहून आलेला, आतून ओला,
राळेचा वास अजून अंगाला.
रतनशीशेठ म्हणाले, शुक्रवारी गाडी लागणार.
सत्तरवर ठेवला तर आठवडा.
मी काटा एकशे पंधरावर नेला.

दुसऱ्या रात्री दार उघडलं.
फळ्या सरळ, हलक्या, चहाच्या रंगाच्या.
मीटर म्हणाला, दहा टक्के.
शेठनी पेरानं टकटक केली
आणि खूश होऊन भजी मागवली.

हसुराम मात्र भज्यांकडे आला नाही.
त्यानं दोन डब्यांवर फळी टाकली, जुन्या लॉटमधली,
सावकाश वाळवलेली,
मधोमध उभा राहिला, मला म्हणाला, तूही ये.
ती वाकली, करकरली,
एकेक तंतू सोडत राहिली, उतरायला वेळ दिला.
मग भट्टीतली.
सुरुवातीला तेवढीच वाकली,
फक्त बोलली नाही.
खारीसारखी तुटली.

गुडघा चोळत हसुराम म्हणाला,
"माळा बांधावा कुरकुरणाऱ्यावर.
हिच्या आंब्याच्या पेट्या कर."

शुक्रवारी गाडी लागली.
चलनावर तापमानाचा रकाना नसतो.
मी खडूनं प्रत्येक गठ्ठ्यावर लिहिलं, पेटी.
पनवेलपर्यंत
पुसलं गेलं नसेल तर बरं.