हरकती व सूचना

मसुदा एकोणीस पानांचा. विषय असा की
सरकारी खात्यांनी एकमेकांना नकाशे द्यावेत का,
दिले तर कसे, आणि चूक निघाली तर ती कुणाची.
माझ्यासमोर आवक रजिस्टर, शिक्का, सुकत आलेलं पॅड.
आज शेवटची तारीख, वेळ पाचपर्यंत.
घोले रस्त्यावरच्या या हॉलमधला पंखा
फक्त तीनवरच चालतो.

सव्वादहाला गद्रे आले.
नकाशांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.
पान चारवर भूमापनातला भू ऱ्हस्व पडला होता.
'जमीनच आखूड केलीत,' म्हणाले,
पोच घेतली, घडी घातली, गेले.

मग बराच वेळ कुणी नाही.

इनूस शिकलगार जेसीबी चालवतात.
अर्ज आणला नव्हता, फुटक्या पाइपचा तुकडा आणला होता.
'वर्षात सात वेळा फोडला, बाई.
रस्तेवाल्यांच्या कागदावर तिथं नुसती माती,
पाणीवाल्यांच्या कागदावर पाइप,
आणि तो कागद त्यांच्या कपाटात.
शिव्या मात्र सगळ्या माझ्या केबिनमध्ये.'
मी विचारलं, हरकत लिहू की सूचना?
'लिहा की,' ते म्हणाले, 'खोदायच्या आधी
मी खाली उतरून मातीचा वास घेतो.
पाइप जवळ असला की थंड येतो वास.
तेवढा नकाशात घाला.'
मी सूचनेवर खूण केली. वास लिहिला नाही.
रकान्यात मावत नव्हता.

पावणेपाचला रेणुसे काकू,
आंबेगावच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या,
पिको-फॉलचं दुकान.
खापरओढा एका खात्याकडे ओढा आहे,
दुसऱ्याकडे नाला, तिसऱ्याकडे अठरा मीटर रुंद रस्ता,
चौथ्याकडे नुसता पांढरा कागद.
'पाण्याला कुणी वाचायला शिकवलंय?
ते आलं आपल्या जुन्या वाटेनं,
माझ्या मशिनच्या पायट्यापर्यंत.'
म्हणजे नकाशे एक व्हावेत, असंच ना?
मी सूचनेकडे पेन नेलं.

'थांबा,' त्या म्हणाल्या.
'एका कागदावर आमचं घर अतिक्रमण आहे.
बाकी तिघांना ते ठाऊक नाही, म्हणून उभं आहे.
चौघं एका टेबलाशी बसले
की ओढा परत येईल आणि आम्ही जाऊ.
ओढा यावा, हे मलाही पटतं हो.
आता तुम्हीच सांगा,
हरकत लिहू की सूचना?'

माझे वडील भूकरमापक होते.
साखळी खांद्यावर टाकून आयुष्यभर गावं मोजली.
म्हणायचे, मोजणी नेहमी उन्हाळ्यात होते,
तेव्हा ओढा घरी नसतो.
शेजाऱ्याला विचारून लिहावं लागतं.
मी काकूंना पाणी दिलं.
अर्जावर दोन चौकटी होत्या,
दोन्ही रिकाम्या ठेवून
क्रमांक घातला : ३१८.

पाच वाजले. साहेबांनी विचारलं, किती?
हरकती दोनशे सहा. सूचना एकशे अकरा.
'आणि हा एक?'
ओढा, साहेब.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
खाली गल्लीत कुणीतरी
कालच बुजवलेला रस्ता फोडायला लागलं होतं.
'बेरीज,' साहेब म्हणाले,
'जुळवून घ्या.'