उकिडवे, पटकथाकार

कादंबरीत तुम्ही अकरा पानं घेतलीत
सरू कंदिलाची काच पुसते, तेवढ्यासाठी.
पटकथेत: 'संध्याकाळ. माजघर. सरू काच पुसते.'
बास.

डेक्कनच्या इराण्याकडे बसून
स्वतःचीच वाक्यं खोडायचात,
समासात मस्क्याचे डाग.
निर्माता म्हणाला, विशेषण कॅमेऱ्यात कुठे दिसतं?
तुम्ही हसलात. चार महिन्यांचं भाडं थकलेलं.

आज अप्पा बळवंत चौकात
तुमची कादंबरी मिळाली, वीस रुपयांत,
पानं अजून जोडलेलीच,
कुणी कापलीच नव्हती.

परतताना सिग्नलला रिक्षावाला
सहज पुटपुटला तुमचा संवाद,
"काच पुसली म्हणून उजेड आपला होत नाही."

कुणाचं हो हे?

"कुणाचं म्हणजे?
आमची आई म्हणायची."