शेवटून दुसरा

खंबाटा मॅडम टेबलावर पेन्सिल आपटायच्या.
आपटली तिथे जोर.
"ग्राफी, लॉजी आलं, की शेवटून तिसऱ्यावर.
इक आलं, की त्याच्या लगेच आधी.
आणि थर्मामीटर काय म्हणतेस?
थर्-मॉ-मि-टर."
टक.

कॅम्पातला वर्ग, फिजिओचं पहिलं वर्ष.
मला काही जमायचं नाही.
आमच्या बोलण्यात अक्षरं पंगतीला बसतात,
सगळ्यांच्या पानात सारखंच पडतं.
इथे एकालाच तूप,
बाकीचे आवंढा गिळून उठतात.

रात्री मार्केट यार्डामागच्या खोलीत
मी शब्द फोडत बसायचे,
इ-लेक्-ट्रो-माय-ऑ-ग्र-फी,
इ-लेक्-ट्रो-
"कसली पोती उतरवतीस गं एवढ्या रात्री?"
पप्पा अंधारातून.

गूळ-भुसारात त्यांची एकतीस वर्षं.
म्हणाले, सगळं अंग लावायचं नसतं पोत्याला.
एक जागा असती.
तिथं आकडा लागला
की बाकीचं पोतं आपसूक मागं येतं.

सकाळी मी तो शब्द
एका दमात पाठीवर घेतला.
ऑ.
पेन्सिल वाजली नाही.

मार्चमध्ये पप्पा ट्रकच्या फळीवरच बसले.
उठवेना.
ससूनच्या रांगेत दोन दिवस गेले,
मग एक पाकीट, एक काळी फिल्म,
आणि कागदावर एकच शब्द ओळभर.

"काय लिवलंय?"
मी त्यांच्याच बोटांवर मोजून दिला:
स्पाँ. डि. लो. लिस्. थी. सिस्.
पाच बोटं संपली,
सहाव्यासाठी दुसरा हात.

त्यांनी म्हणून पाहिला,
सगळ्यांना सारखं वाढत.
मग विचारलं, "जोर कुठं?"
"थी. शेवटून दुसरं."

फिल्म खिडकीकडे धरली.
कमरेचे पाच मणके,
चौथा पाचव्यावरून पुढे आलेला,
थप्पीतली ढेप सरकावी तसा.
पप्पांनी खालून बोट ठेवत मोजलं.
"ह्यो पण शेवटून दुसराच की,"
म्हणाले, आणि हसले,
उत्तर बरोबर आलेल्या पोरासारखे.

टोळीतल्या माणसांना ते एवढंच सांगतात:
कंबर गेली.
माझ्यासमोर मात्र, पट्टा आवळताना,
कधी कधी अख्खा शब्द म्हणतात,
एकही अक्षर न सांडता.

थी आला
की खुर्चीचा हात धरतात.