पाच बोटांचं माप

आधी लाडनाव विचारायचं, मग दुखणं.
आमच्या तोरो मुलखात असंच.
खरं नाव सरकारी कार्डावर असतं,
लाडनावाने दार उघडतं.
तर अराली, मी म्हटलं, आज किती बोटं?

मूठ मिटलेली म्हणजे काही नाही.
पाचही उघडी म्हणजे आता सोसवत नाही.
रुसोके म्हाताऱ्याने मूठ दाखवली. गच्च.
इतकी गच्च, की नखं तळव्यात रुतलेली.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि त्याला ती मोडायची नव्हती.

त्याच्या पाठीमागे चुलीशी
बसेमेरा मटोके सोलत बसलेली.
मान वर न करता तिने
चिकाने काळी पडलेली चार बोटं
हवेत धरली.

जन्मभर केळ्यांची दारू गाळली त्याने.
मापाचं त्याला मी काय सांगणार?
"तुझं हिरवं पाणी पिऊन बरळत मरायचं नाही मला.
एक घोट जास्त झाला की माणसाचं काय होतं
ते माझ्या अंगणाने बघितलंय."

पुरावा, पुरावा म्हणतात तो काय असतो?
अनोळखी माणसांच्या रात्री असतात त्या,
कुणीतरी जागून मोजलेल्या.
किती मिलीवर कुणाची किती बोटं मिटली,
कोण गाढ झोपलं,
आणि सकाळी उठून
कालवणात मीठ नाही म्हणून कोण भांडलं.
हे मी त्याला सांगितलं.
मिठाचं ऐकून हसला. तेवढ्यात चमचा पुढे केला.

दुखायची वाट बघायची नाही.
ते उंबऱ्यात यायच्या आत आपण पोचायचं.
घरात घड्याळ नव्हतं, म्हणून
सहाला कासेसेची बस,
दहाला शाळेची घंटा, म्हणजे टांगलेली ट्रकची रिम,
दोनला रेडिओच्या बातम्या, सहाला गाई.
कंदील विझवताना दुप्पट,
म्हणजे मधरात्री कुणी कुणाला उठवायला नको.

पहिले दोन दिवस मळमळलं.
आधी सांगितलं होतं, तरी त्याने
फसवलेल्या गिऱ्हाइकासारखं माझ्याकडे पाहिलं.
तिसऱ्या दिवशी थांबलं.
पोटाच्या गोळ्या मात्र चुकवू नका, म्हटलं,
नाहीतर तुमच्या शिव्या मलाच खाव्या लागतील.
शेजारणीने कमरेला पाला बांधू का विचारलं.
त्याचा आकडा माझ्याकडे नव्हता.
बांध, म्हटलं. पाला गार आहे, आणि हात तुझा आहे.

माझ्या वहीत त्याचं असं आहे:
चार. तीन. परत चार, बस बंद पडली होती.
मग डोस थोडा वाढवला. दोन. एक.
एकच्या दिवशी तो बाहेर येऊन बसला
आणि लाकडी डोणीत केळी तुडवणाऱ्या धाकट्याला
दुपारभर झापत राहिला:
गवत कमी घातलंस, टाच नको, चवडा टाक चवडा.
एक शब्द अडखळला नाही.
बरळणं कुठे आहे, अराली?
मी विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

शेवटच्या आठवड्यात हात विचारण्यासारखा राहिला नाही.
मग कपाळ वाचलं. आठी पडली की
गालाच्या आत थोडे थेंब.
मूठ आपोआप सैल पडलेली,
आणि ती शून्य म्हणून लिहावी की काय,
मला कुणी शिकवलं नव्हतं.

आठ दिवसांनी उरलेली बाटली परत घ्यायला गेले.
नियम आहे. बेचाळीस मिली.
मी आकडा लिहिला, तिने अंगठा उठवला.
निघताना चप्पल घालत होते,
तर बसेमेराने हात पुढे केला.
पाच. अंगठ्यासकट, ताठ.
"यावर काय देतेस?"

माझ्या पेटीत, वहीत,
कुणाच्याही मोजलेल्या रात्रीत
त्याचं माप नव्हतं.
चप्पल काढली.
अड्येरी, मी म्हटलं, चहा टाक.
कासेसेची बस गेली, गाई आल्या.
कंदील लावायचं आम्हा दोघींनाही
बराच वेळ सुचलं नाही.