सातव्या होलची दुरुस्ती

एकोणीस वर्षांपूर्वी या सड्यावर
माती चढवली ती मीच.
तीनशे बारा डंपर. वहीत हिशेब आहे,
फेरीमागे एक तिरकी रेघ,
दहा झाल्या की एक आडवी.
कुणाच्या शेतातली, ते वहीत नाही.

मिठमुंबरीच्या वर, जिथे एप्रिलात
गुरंही पाय टेकायला कचरतात,
तिथे आम्ही गवत लावलं.
पिशवीवरचं नाव उच्चारता येईना,
म्हणून त्याला साहेबी म्हणायचो.
साहेबी रोज दाढी मागायचं.
साहेबी दिवसाला चौदा टँकर प्यायचं
आणि खालच्या वाडीतल्या विहिरीकडे
आम्ही जाता-येता बघायचं टाळायचो.

आता पुण्याहून मृण्मयी बाई आल्यात,
गळ्यात दुर्बीण, काखेत नकाशाची गुंडाळी.
नाव मातीचं, आणि म्हणतात, माती काढा.
पाचव्यापासून नवव्यापर्यंत, दोन्ही कडांची,
कातळ लागेपर्यंत.
सुरू उपटा, उंडी लावा, सुरंगी लावा.
खेळणाऱ्याला कळू दे तो कुठे उभा आहे.

चंद्रभागा जोईलने खुरपं थांबवलं.
गुडघ्यांना गोणपाट बांधून अकरा वर्षं
ती हिरवळीतलं रान वेचते आहे.
"मगे घातल्यानी कित्याक?"
बाईंनी नकाशा उलटा-सुलटा केला.
मी नळीची गळती बघायला वाकलो.

अय्युब सारंगने जेसीबीचा दात
हलकेच टेकवला, न्हावी कानामागे
वस्तरा टेकवतो तसा.
वीतभर खाली आवाज बदलला.
हा आवाज माझ्या दाढांना पाठ आहे.
मग घमेली, मग खराटे, मग पाण्याचा फवारा,
आणि वर आला तो माझ्या ओळखीचा
काळा, उन्हाने भाजलेला कातळ नव्हताच.
फिकट, ओलसर, सुरकुतलेला,
प्लास्टर कापल्यावर हात दिसतो ना, तसा.

मधोमध सरळ चर, बोटाएवढे रुंद,
एकाशेजारी एक, सात.
बाई उकिडव्या बसल्या. बोट फिरवलं.
"हे कोरलेलं आहे. जुनं असेल.
सड्यांवर चित्रं सापडतात अशी."
म्हटलं, जुनं आहे.
एकोणीस वर्षांचं. सुरुंगाची भोकं.
पहार माझी होती.
त्यांनी फोटो काढलाच.

कुसळी गवताचे गड्डे रोपवाटिकेतून आले,
नगाला अकरा रुपये, पावतीसकट.
चंद्रभागेची सासू याच सड्यावरून
त्याचे भारे डोक्यावर न्यायची;
ती पावती बघून दोन दिवस
वाडीत सगळ्यांना सांगत फिरली.
डॉक्टर सबनीसांचा चेंडू कातळावर आपटून
थेट समुद्रात गेला. त्यांनी समितीला लिहिलं:
हे सुशोभीकरण आहे की चिऱ्यांची खाण?
समितीने पत्र फायलीला लावलं.
उंडीची निम्मी रोपं मेली.
सुरंगीची एकच जगली, तीही
शौचालयाच्या मागे, जिथे सांडपाणी जातं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
टिटवी माझ्या डोक्यावरून सूर मारून गेली,
शिव्या देत.
तिसऱ्या चराच्या तोंडाशी
चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाही,
पाच-सहा खडे आणि एक लेंडी.
अंड्यांवरचे डाग हुबेहूब कातळाचे.
हा कातळ उघडा पडून महिनाच झाला होता,
तिला कुणी सांगितलं?

मी दोरी लावली. दोरीला चार लाल चिंध्या.
वही काढली, नव्या पानावर
चार तिरक्या रेघा मारल्या.

परवा सबनीसांचा चेंडू
दोरीच्या आत जाऊन थांबला,
अंड्यांपासून हातभर.
टिटवी पंख पसरून त्यांच्यावर धावली.
नव्वद किलोचा माणूस, पांढरी टोपी,
काठी खाली करून मागे सरला.
"नियम काय आहे?" त्यांनी मला विचारलं,
मला, जणू मी नियम केलेत.

नियम मला माहीत होता.
चेंडू असाच राहू द्यायचा,
दुसरा घ्यायचा, लांब, मोकळ्या जागी टाकायचा
आणि पुढे खेळायचं.
दंड नाही.